पावती प्रोग्रॅमचा सेटअप : अंत्रुज महालातील एका देवस्थान कचेरीचे प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या कचेरीत अभिषेक, कुंकुमार्चन, लघुरुद्र, ओटी अशा सेवांच्या पावत्या संगणकावर छापल्या जातात. देवस्थानाचे नाव देत नाही. अंत्रुज महालातल्या, म्हणजे गोव्यातल्या या फोंडा भागातल्या, कुठल्याही मध्यम देवळात हेच चित्र दिसेल. प्रोग्रॅम महाजनांच्याच, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदार सभासदांच्याच, घरातल्या एका तरुणाने हौसेने लिहिलेला. भाषा पायथन, खिडक्या आणि बटणांसाठी पायसाइड, नोंदी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलीत. कामाला चोख. पावती निघते, रोजची जमा निघते, तिथीप्रमाणे सेवांची यादी निघते. अडचण प्रोग्रॅमची नव्हती. अडचण तो दुसऱ्या संगणकावर बसवण्याची होती.

पहिल्यांदा तो बसवला त्या तरुणाने स्वतः, काउंटरसमोर बसून. पायथन टाकले, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) उतरवल्या, सी ड्राइव्हवर फोल्डर ठेवले, डेस्कटॉपवर शॉर्टकट काढला, प्रिंटरला कागदाचे माप सांगितले. यातले काही वहीच्या एका पानावर होते, बाकीचे त्याच्या डोक्यात. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि माघातल्या जत्रेच्या तोंडावर काउंटरच्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. नोंदींची प्रत खजिनदारांच्या पेन ड्राइव्हवर होती, कपाटातून दुसरा जुना संगणकही निघाला, पण त्यावर प्रोग्रॅम उभा राहीना. तो फोनवर पायऱ्या सांगत होता, काउंटरवरची बाय टंकत होती. नवे पायथन विंडोज ७ वर बसेना. जुने बसवले तर प्रोग्रॅम एक डीएलएल (लागणारी जोडफाइल) सापडत नाही म्हणून बंद पडे. शेवटी ती जत्रा छापील पावती पुस्तकांवर निघाली. जत्रा संपल्यावर समितीने मला बोलावले.

मागणी साधी होती. समितीचे मुखत्यार, म्हणजे अधिकृत प्रतिनिधी, म्हणाले, "पेन ड्राइव्ह लावायचा, डबल क्लिक करायचे आणि पावती निघाली पाहिजे. बाय एकटी असली तरी." मागणी रास्त आहे. पण या एका वाक्यात दोन वेगळी कामे आहेत. एक बिल्डचे: लिहिलेल्या कोडपासून, पायथन नसलेल्या संगणकावरही चालेल अशी वस्तू बनवणे. दुसरे इन्स्टॉलचे: ती वस्तू परक्या संगणकात नीट बसवणे, नंतर बदलणे आणि कधीतरी काढणे. पहिले काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या घरी होते, दुसरे कचेरीत, तो तिथे नसताना. त्यामुळे दुसऱ्यात घाई केलेली परवडत नाही.

कचेरीत तीन संगणक होते. काउंटरवर कपाटातून निघालेला तो विंडोज ७ चा, ३२-बिट, जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला जोडलेला, इंटरनेट नाही. हिशेबाच्या टेबलावर विंडोज १०, त्यावर दोघे जण आपापल्या लॉगिनने बसतात, आणि जत्रेत हाच दुसरा काउंटर होतो. तिसरा खजिनदारांचा स्वतःचा लॅपटॉप, विंडोज ११. त्यावर त्यांनी खाते उघडताना आपले नाव देवनागरीत घातले होते. हा तिसरा संगणक पाहून मला आनंदच झाला. चाचणीसाठी इतका छळवादी संगणक मुद्दाम शोधून मिळत नाही.

कोणाचे काय

स्क्रिप्टची एकही ओळ लिहिण्याआधी एक प्रश्न सोडवायचा होता. या सगळ्यात प्रोग्रॅमचे काय, देवस्थानाचे काय आणि त्या संगणकाचे काय?

हा प्रश्न मला त्याच कचेरीतल्या जुन्या भानगडीमुळे सुचला. हिशेबाच्या संगणकावर पूर्वी बाहेरच्या कोणाकडून करून घेतलेला वर्गणीचा एक ३२-बिट प्रोग्रॅम होता. एका लॉगिनमध्ये भरलेली वर्गणी दुसऱ्या लॉगिनमध्ये दिसत नसे. दोघे कारकून बराच काळ एकमेकांकडे संशयाने बघत होते. एकाला वाटे दुसरा नोंदी पुसतो, दुसऱ्याला वाटे पहिला भरतच नाही. प्रत्यक्षात कोणीच काही पुसले नव्हते. तो प्रोग्रॅम आपली नोंदींची फाइल प्रोग्राम फाइल्समध्ये, स्वतःच्या शेजारी ठेवत असे. साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही. पण जुने प्रोग्रॅम एकदम मोडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टापासून एक पळवाट ठेवली. आपल्याला कोणते अधिकार हवेत हे मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीपत्रात, न सांगणारा ३२-बिट प्रोग्रॅम तिथे लिहू लागला, की विंडोज ते लिखाण गुपचूप त्या त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवते. प्रोग्रॅमला वाटते आपण मूळ फाइलीतच लिहिले. दोन लॉगिन म्हणजे दोन वेगळ्या वह्या, आणि प्रोग्राम फाइल्समधली मूळ फाइल बसवल्या दिवशी होती तशीच. मी दोन्ही व्हर्च्युअलस्टोअर उघडून दाखवले तेव्हा दोघांच्याही सगळ्या नोंदी तिथे सापडल्या. त्यांच्यातला अबोला मात्र लगेच गेला असे नाही.

म्हणून आम्ही तीन ढीग केले. पहिला प्रोग्रॅम: एक्झी (चालणारी मुख्य फाइल), डीएलएल, फॉन्ट, चित्रे. हे सगळे केव्हाही पुसून नव्याने टाकता आले पाहिजे, म्हणून ते प्रोग्राम फाइल्समध्ये, आणि प्रोग्रॅमने तिथे एक अक्षरही लिहायचे नाही. दुसरा नोंदी. त्या देवस्थानाच्या, सेटअपने त्या पुसायच्या नाहीत, बदलायच्या नाहीत, फार तर त्यांची प्रत काढायची. तिसरा ढीग लोक विसरतात: त्या एका संगणकापुरत्या गोष्टी. प्रिंटरचे नाव, कागदाचा डावा समास, पावती क्रमांकाची मालिका. काउंटरवर 'अ' मालिका, हिशेबाच्या संगणकावर 'ब'. या गोष्टी नोंदींच्या फाइलीत ठेवल्या, तर काउंटरची प्रत हिशेबाच्या संगणकावर उघडताच दोन्हीकडून 'अ' मालिकेच्या पावत्या निघू लागतील आणि लेखापरीक्षणाच्या वेळी बोंब होईल. म्हणून सेटिंगची फाइल वेगळी.

दुसरा आणि तिसरा ढीग प्रोग्रामडेटा या सामाईक फोल्डरात गेला, कारण एका संगणकावरच्या दोन्ही लॉगिनना एकच वही, म्हणजे नोंदींची एकच फाइल, दिसायला हवी. इथेही एक खाच आहे. प्रोग्रामडेटात साधा वापरकर्ता नवी फाइल करू शकतो, पण दुसऱ्याने केलेली फाइल त्याला नुसती वाचता येते, बदलता येत नाही. म्हणजे सकाळी एकाने प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला की दुपारी दुसरा अडकणार. सेटअपने तो फोल्डर तयार करतानाच सगळ्या वापरकर्त्यांना बदल करण्याची परवानगी द्यावी लागते. ती नुसत्या फाइलीला देऊन भागत नाही, फोल्डरलाच द्यावी लागते. एसक्यूलाइट प्रत्येक व्यवहाराच्या वेळी शेजारी जर्नलची एक तात्पुरती फाइल करते. तिथे नवी फाइल करता आली नाही, तर मूळ फाइलीवर लिहिण्याचा हक्क असूनही नोंद होत नाही.

बिल्ड

तो तरुण उबुंटूवर काम करत होता. पायइन्स्टॉलर हे पायथन प्रोग्रॅमला दुभाषा आणि लायब्ररींसकट एका गठ्ठ्यात बांधणारे साधन आहे, पण ज्या प्रणालीवर ते चालवाल तिच्यापुरताच गठ्ठा ते बनवते. उबुंटूवर बसून विंडोजची एक्झी निघत नाही. शिवाय नव्या विंडोजवर बांधलेला गठ्ठा जुन्या विंडोजवर चालेलच याची खात्री नसते, आणि जत्रेच्या वेळी सापडत नसलेली डीएलएल त्याच जातीची होती: मायक्रोसॉफ्टच्या युनिव्हर्सल सी रनटाइमची. विंडोज १० मध्ये हे रनटाइम मुळातच असते, विंडोज ७ मध्ये वेगळ्या अपडेटने येते. अपडेट न झालेल्या संगणकावर ते नाही. नियम सरळ आहे: ज्या सर्वांत जुन्या संगणकावर चालवायचे, तसल्यावरच बांधायचे. आम्ही व्हर्च्युअलबॉक्समध्ये ३२-बिट विंडोज ७ चा एक आभासी संगणक केला आणि बिल्ड तिथेच करायचे ठरवले. ३२-बिट गठ्ठा ६४-बिट विंडोजवरही चालतो, म्हणून तिन्ही संगणकांना एकच सेटअप पुरला.

आवृत्त्यांना फारसा वाव नव्हता. विंडोज ७ वर चालणारे शेवटचे पायथन ३.८, ३.९ पासून ते बसतच नाही. पायसाइड ज्या क्यूटी लायब्ररीवर उभे आहे तिची ५.१५ ही विंडोज ७ ला धरून असलेली शेवटची मालिका, त्यामुळे पायसाइड २. या आणि सगळ्या उपलायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या एका फाइलीत लिहिल्या, त्यांच्या व्हील फाइली (बसवायला तयार गठ्ठे) एकदाच उतरवून एका फोल्डरात ठेवल्या, आणि पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या पिपला सांगितले की इंटरनेटकडे बघायचेच नाही, जे हवे ते या फोल्डरातून घे. काही वर्षांनी कोणी बिल्ड करायला बसला, तर त्या दिवशी इंटरनेटवर काय मिळते आहे यावर ते अवलंबून राहू नये.

बिल्डची स्क्रिप्ट कशात लिहायची यावर थोडी चर्चा झाली. बॅच फाइल सर्वांत सोपी वाटते, पण कमांड प्रॉम्प्ट ती जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे जुन्या अक्षरतक्त्याने, वाचतो, आणि आमच्या फोल्डरांच्या नावांत व संदेशांत देवनागरी होती. विंडोजमधल्या पॉवरशेल या दुसऱ्या स्क्रिप्ट भाषेचाही फारसा उपयोग नव्हता. विंडोज ७ सोबत येते ती आवृत्ती २. पुढची ५.१ सुद्धा सुरुवातीला बीओएम ही खूण नसलेली यूटीएफ-८ (युनिकोडची) फाइल ॲन्सी, म्हणजे जुन्या कोडपेजची, समजून वाचते, आणि मुळात विंडोज आपण लिहिलेली पॉवरशेल स्क्रिप्ट धोरण बदलल्याशिवाय चालवू देत नाही. शेवटी बिल्डची स्क्रिप्टही पायथनमध्येच लिहिली. बिल्डच्या संगणकावर पायथन असणारच. मेक वगैरे बिल्डची साधने वाईट नाहीत, पण विंडोजवर एका छोट्या प्रोग्रॅमसाठी आणखी एक साधन आणून बसवणे मला तरी अनाठायी वाटते.

देवनागरीने आणखी एका ठिकाणी पाय अडकवला. सेवांची यादी एका मजकूर फाइलीतून वाचली जाते. उबुंटूवर पायथन ती यूटीएफ-८ समजून उघडते. विंडोजवर एन्कोडिंग सांगितले नाही तर पायथन ३.८ स्थानिक कोडपेज धरते आणि 'अभिषेक' जिथे असायला हवे तिथे अगम्य अक्षरे किंवा 'चारमॅप' अशी वाचनाची चूक येते. दुरुस्ती म्हणजे प्रत्येक फाइल उघडताना यूटीएफ-८ असे लिहायचे. पण हे उबुंटूवर कधीच कळले नसते. म्हणून बिल्ड स्क्रिप्टमध्ये शेवटची पायरी घातली ती स्व-तपासणीची. गठ्ठा बांधून झाला की स्क्रिप्ट त्यातली एक्झी एका खास सूचनेने उघडते. एक्झी देवनागरी नावाच्या तात्पुरत्या फोल्डरात कोरी वही तयार करते, लघुरुद्राची एक पावती भरते, ती पीडीएफमध्ये छापते, वही बंद करून पुन्हा उघडते आणि नोंद तीच आहे का ते बघते. सगळे जमले तर शून्य परत करते. शून्य आले नाही तर सेटअप तयारच होत नाही. या प्रकरणात मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट हीच. बिल्ड झाले म्हणजे प्रोग्रॅम चालतो, असा समज फार लोकांचा असतो.

त्या तरुणाला सगळे मिळून एकच एक्झी फाइल हवी होती. दिसायला सुटसुटीत, पेन ड्राइव्हवर न्यायला बरी. पायइन्स्टॉलरला ते जमते, पण ती एक फाइल दर वेळी उघडताना सगळा गठ्ठा तात्पुरत्या फोल्डरात सोडते आणि मग सुरू होते. काउंटरच्या संगणकावर बाय कप हातात घेऊन बसेल इतका वेळ त्याला लागे. तात्पुरता फोल्डर वापरकर्त्याच्या नावाखाली असतो, म्हणजे खजिनदारांच्या लॅपटॉपवर मार्गात देवनागरी येणार, आणि जुन्या सी-लायब्ररींपैकी काहींना ॲन्सीबाहेरची अक्षरे असलेला मार्ग उघडता येत नाही. शिवाय अशा एकफायली एक्झींवर अँटिव्हायरस लवकर संशय घेतात, कारण व्हायरस लिहिणारेही हेच साधन वापरतात आणि गठ्ठ्याचे तोंड सगळ्यांचे सारखेच असते. यूपीएक्स या फाइल दाबणाऱ्या साधनाने आकार कमी केला तर संशय वाढतोच. म्हणून फोल्डरचा गठ्ठा ठेवला आणि यूपीएक्स बंद केले. एकच फाइल हवी ही हौस सेटअपची फाइल भागवते.

सेटअप

सेटअपसाठी इनो सेटअप वापरले. जॉर्डन रसेल यांनी १९९७ पासून चालवलेले हे साधन फुकट मिळते, त्याची स्क्रिप्ट साधी मजकूर फाइल असते आणि तिच्यातल्या बऱ्याचशा ओळी वाचताच कळतात. नलसॉफ्टचे एनएसआयएस हे तसलेच साधनही चालले असते, पण त्यात प्रत्येक पायरी आपण सांगावी लागते. इनोमध्ये काय कुठे ठेवायचे ते सांगितले की काढून टाकण्याची व्यवस्था आपोआप होते.

स्क्रिप्टमधल्या थोड्याच ओळी निर्णायक होत्या. एक म्हणजे प्रोग्रॅमची ओळख. इनो एका कायम ओळखीवरून ठरवते की हा नवा प्रोग्रॅम आहे की आधीच्याची नवी आवृत्ती. ही ओळख एकदा ठरवली की बदलायची नाही, प्रोग्रॅमचे नाव बदलले तरी नाही. बदलली तर कंट्रोल पॅनलमध्ये एकाच प्रोग्रॅमच्या दोन नोंदी दिसतात आणि जुनी काढायला गेलेला माणूस नवीही मोडतो. आवृत्तीचा क्रमांक मात्र एकाच जागी, कोडमध्ये. बिल्ड स्क्रिप्ट तो तिथून उचलून एक्झीच्या माहितीत आणि सेटअपच्या नावात घालते. 'कुठली आवृत्ती आहे?' या प्रश्नाला फोनवर एकच उत्तर मिळावे म्हणून.

अपग्रेडच्या वेळी प्रोग्रॅम उघडा असेल तर सेटअप आधी तो बंद करायला सांगतो. मग नोंदींची प्रत काढतो, आणि ही प्रत नुसती फाइल कॉपी करून काढत नाही. अर्धवट व्यवहाराच्या वेळी कॉपी केलेली एसक्यूलाइटची फाइल बिघडलेली निघू शकते. म्हणून सेटअप आमच्याच एक्झीला 'प्रत काढ' असे सांगतो आणि ती एसक्यूलाइटच्या स्वतःच्या बॅकअप सोयीने तारखेच्या नावाची प्रत काढते. प्रत निघाली नाही तर सेटअप तिथेच थांबतो, काहीही न बदलता.

वहीचा साचा, म्हणजे नोंदींच्या रकान्यांची मांडणी, बदलला तर काय, हा पुढचा प्रश्न. एसक्यूलाइटच्या फाइलीत आपल्या वापरासाठी एक आकडा ठेवता येतो. त्यात साच्याचा क्रमांक असतो. नवा प्रोग्रॅम जुना साचा पाहून तो एका व्यवहारात पुढे नेतो. जुन्या प्रोग्रॅमला नवा साचा दिसला तर तो वही उघडतच नाही, 'नवी आवृत्ती बसवा' असे सांगून थांबतो. जुना पेन ड्राइव्ह सापडून कोणी त्यावरूनच सेटअप चालवणार हे कचेरीत अटळ आहे, आणि इनो आपणहून मागच्या आवृत्तीला अडवत नाही.

फॉन्टचे प्रकरण वेगळेच. पावतीचा आराखडा मंगल या फॉन्टवर बेतला होता. विंडोज ७ वर मंगल असतोच. विंडोज १० मध्ये मंगल हा मागून घ्यायच्या पुरवणी फॉन्टांत गेला आणि देवनागरीसाठी निर्मला यूआय राहिला. त्यामुळे हिशेबाच्या संगणकावर पावतीचा मजकूर दुसऱ्या फॉन्टात, वेगळ्या रुंदीने येई आणि यजमानाचे गोत्र पुढच्या ओळीवर घसरे. काहींनी सुचवले, सेटअपनेच विंडोजमध्ये मंगल घालावा. मंगल मायक्रोसॉफ्टचा आहे, तो आपण वाटू शकत नाही. मुक्त परवान्याचा 'मुक्त' नावाचाच फॉन्ट घेतला. पण तोही विंडोजमध्ये बसवला नाही. प्रोग्रॅम सुरू होताना तो आपल्या फोल्डरातला फॉन्ट स्वतःपुरता उघडतो. प्रोग्रॅमला जे लागते ते त्याने बरोबर आणावे. संगणकाच्या सामाईक गोष्टींत हात घालायचा नाही, म्हणजे काढतानाही कोणाचे काही मोडत नाही.

सेटअपचे संदेश मराठीत केले. सगळे नाही, बायला प्रत्यक्ष दिसणारे तेवढे. एका संदेशावर मात्र खजिनदार अडले. प्रोग्रॅम काढून टाकताना नोंदी काढायच्या की नाही? त्यांचे म्हणणे, "काढला म्हणजे सगळा निघाला पाहिजे, घाण नको." तरुणाला 'नोंदीही पुसायच्या का?' असा प्रश्न विचारणारी चौकट हवी होती. मी दोन्हींच्या विरोधात होतो. घाईच्या वेळी माणूस चौकटीतला मजकूर वाचत नाही, 'होय' दाबतो. शेवटी ठरले की प्रोग्रॅम काढला तरी नोंदी आणि सेटिंग जागेवर राहतील, आणि शेवटी एक वाक्य दिसेल: नोंदी अमुक फोल्डरात सुरक्षित आहेत. ज्याला खरोखर पुसायच्या आहेत त्याने तो फोल्डर हाताने पुसावा. खजिनदारांना हे पटले की त्यांनी सोडून दिले, ते मला कळले नाही.

चाचणी, आणि चोपडीतले पान

कोऱ्या संगणकावर न केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. ज्या संगणकावर प्रोग्रॅम एकदा चालला आहे, तिथे त्याला लागणाऱ्या निम्म्या गोष्टी आधीच असतात. आम्ही आभासी संगणकांचे कोरे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीच्या प्रती) ठेवले आणि दर वेळी तिथे परतलो. सर्वांत बोलकी चाचणी वीज जाण्याची होती. गोव्याच्या पावसाळ्यात ती काल्पनिक नाही. अपग्रेड चालू असताना आभासी संगणकाची वीज तोडली. प्रोग्रॅमचा फोल्डर अर्धवट राहिला, एक्झी उघडेना, पण नोंदी आणि त्यांची ताजी प्रत दुसरीकडे शाबूत. सेटअप पुन्हा चालवला की सगळे जागेवर. तीन ढीग केले नसते तर हीच चाचणी वहीसकट बुडाली असती. सेटअपने काय काय केले याचा लॉग एका फाइलीत ठेवण्याची सोयही इनोमध्ये एका ओळीने चालू करता येते. पुण्यात बसलेल्या तरुणाला 'काहीतरी लाल आले' यापेक्षा ती फाइल कितीतरी जास्त सांगते.

सेटअप कोणी बनवला हे सांगणाऱ्या डिजिटल सहीचा विषय समितीपुढे गेला. सही नसलेला सेटअप इंटरनेटवरून उतरवला की विंडोज निळी पाटी दाखवून अडवते. सही घ्यायची तर २०२३ च्या जूनपासून तिची गुप्त चावी प्रमाणित हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच उपकरणात ठेवणे बंधनकारक आहे, आणि खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो. तीन संगणकांसाठी हा खर्च मला पटला नाही. इंटरनेटवरून आल्याची खूण विंडोजच्या एनटीएफएस या फाइल व्यवस्थेत फाइलीसोबत राहते, फॅट ३२ या जुन्या व्यवस्थेच्या पेन ड्राइव्हवर ती टिकत नाही. त्यामुळे आमचा सेटअप त्या पाटीशिवाय उघडतो. पण हीच गोष्ट कोणा भलत्याच्या फाइललाही लागू आहे. म्हणून प्रत्येक सेटअपचा एसएचए-२५६ आकडा (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा) तरुण खजिनदारांना वेगळा कळवतो, आणि ते विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिलने तो ताडून मगच पेन ड्राइव्ह बायच्या हाती देतात. आपोआप अपडेट होण्याची मागणीही आली होती. ती मी धुडकावली. जत्रेच्या सकाळी प्रोग्रॅमने आपणहून बदलावे असे कोणालाच वाटणार नाही.

स्क्रिप्टमध्ये न बसलेली एक गोष्ट उरली ती प्रिंटरची. पावतीच्या कागदाचे वेगळे माप विंडोजमध्ये प्रिंट सर्व्हरच्या गुणधर्मांत जाऊन, प्रशासकाच्या अधिकाराने नोंदवावे लागते. ते कोडमधून करता येते, पण त्यासाठी विंडोजच्या खोल भागाशी खेळावे लागते, आणि डॉट मॅट्रिक्सचा ड्रायव्हर त्यातले किती ऐकेल हे प्रत्येक संगणकावर वेगळे. ही पायरी छापील पानावर, चित्रांसह, पावती चोपडीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली. हाताने करायची एकच पायरी असेल आणि ती लिहिलेली असेल, तर तिला स्क्रिप्टमध्ये कोंबण्याचा हट्ट धरू नये असे माझे मत आहे.

पुढच्या जत्रेआधी बायने एकटीने हिशेबाच्या संगणकावर सेटअप चालवला. तिने एकच प्रश्न विचारला: "बाब, मालिका 'ब'च ना?" सेटिंगची फाइल जागेवर होती, त्यामुळे 'ब' आपोआप आले होते.

आता उरला आहे काउंटरचा संगणक. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, पायथन ३.८ चा ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि हिशेबाच्या संगणकावरच्या विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला. काउंटर इंटरनेटला जोडलेला नाही म्हणून तो चालू ठेवला आहे, पण समितीने नव्या संगणकाचा खर्च मांडला आहे. तो आला की ३२-बिट बिल्ड बंद करून प्रोग्रॅम क्यूटी ६ वर न्यायचा, कारण ती मालिका विंडोज १० च्या खाली चालत नाही. त्या बदलात फक्त पहिला ढीग बदलेल. नोंदींचा फोल्डर, सेटिंगची फाइल आणि इनोमधली ती ओळख आहे तशीच ठेवायची, हे तरुणाने बिल्ड स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत लिहून ठेवले आहे.